शेपटी कातरलेले मासे

प्रबंध सोमवारी विद्यापीठात द्यायचा होता, आणि शुक्रवारी सकाळी अरुंधती गोटनाल्याच्या काठावर दगडावर बसून बादलीत मासे पडायची वाट पाहत होती. नऊ वर्षं हेच. एप्रिलचं ऊन साडेआठलाच चटके देत होतं, तोंडाला बांधलेला दुपट्टा घामानं ओला झाला होता, आणि तिला मासे, नाला, विद्यापीठ या सगळ्यांचा सारखाच वीट आला होता. पण वीट आला म्हणून नऊ वर्षांवर पाणी सोडतं का कोणी? सगळ्या मुदतवाढी संपल्या होत्या. सोमवार हुकला की नोंदणी रद्द, आणि तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई जन्मभर तासिका तत्त्वावरच.

खरं तर आज यायची गरजच नव्हती. प्रबंध लिहून तयार होता, छापायचा तेवढा बाकी. पण तिचे गाईड गिरिधर सर यांना शेवटच्या आलेखात या उन्हाळ्याचा ठिपका हवा होता. बाहेरचा परीक्षक नेमकं तेच धरून बसेल, एक दिवस जा, वीसेक मासे मोज आणि ये परत, असं त्यांनी फोनवर सांगितलं. सांगायला काय जातं? सर रामदासपेठेत कुलरसमोर बसले होते. बेशाच्या घरून पहाटे निघून, मौदा ओलांडून, वीज केंद्राच्या चिमण्या मागे टाकून कच्च्या रस्त्यानं हाडं खिळखिळी करून घ्यायची ती अरुंधतीनं.

मासा तरी केवढा, तर वीतभरही नाही. वाहत्या पाण्यात दगडाला तोंडानं चिकटून राहतो आणि शेवाळ खातो, म्हणून लोक त्याला पथरचट्टा म्हणतात. नाल्याच्या तीन डोहांत मिळून हे मासे किती आणि ते वागतात कसे, हा तिचा विषय. पद्धत जुनी आणि सोपी. हिवाळ्यात मासे धरायचे, शेपटीचं टोक नखाएवढं कातरायचं आणि सोडून द्यायचे. उन्हाळ्यात पुन्हा धरायचे आणि त्यात कातरलेले किती ते पाहायचं. कातरलेले पुष्कळ आले तर समजायचं की नाल्यात मासे थोडेच आहेत, तेच तेच हाती लागतात. कातरलेले क्वचित आले तर मासे चिक्कार, खुणेचे त्या गर्दीत हरवले.

अरुंधतीच्या बादलीत ते क्वचितच येत. एका वर्षी तिनं नव्वद कातरले, उन्हाळ्यात तेवीस धरले आणि त्यात खुणेचा निघाला एक. सरळ गणितानं नाल्यात दोन हजार सत्तर मासे झाले. एवढ्याशा नाल्यात एवढे? मग तिनं डोकं लढवलं. एकदा धरला गेलेला मासा जाळं ओळखायला शिकतो, त्याची धास्ती घेतो आणि पुढच्या वेळी दगडाखाली दडून राहतो, असं तिनं लिहिलं. ही धास्ती वजा केली तरी आकडा बाराशेच्या खाली येत नव्हता. सरांना मुद्दा फार आवडला, हैदराबादच्या परिषदेत टाळ्याही पडल्या. प्रबंधाचा चौथा अध्याय, सगळ्यांत जाडजूड, तो या धास्तीवरच होता. मधल्या दोन वर्षांत खुणेचे मासे जरा जास्त येऊ लागले, तर बाईंनी त्यावरही दीड पान लिहून काढलं, की पाऊस कमी झाल्यानं मासे भुकेले आहेत आणि भुकेपुढे भीती टिकत नाही. वाचायला छान वाटतं.

जाळं टाकायचं काम पहिल्या दिवसापासून देवरावांचं. देवराव तिथल्याच वस्तीतले ढिवर, पिढीजात मासेमार, साठी उलटलेले, हाताला कमालीचे हलके. ते कमरेएवढ्या पाण्यात, आणि अरुंधती काठावर वही, काटा आणि कात्री घेऊन. पहिलं वर्षभर तीही पाण्यात उतरायची. मग एकदा शेवाळावरून घसरून गुडघा दुखावला, तेव्हापासून ती काठावरची झाली.

या खेपेला मात्र देवरावही काठावर होते. आठवड्यापूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरायला बंदी केली होती. काळा चष्मा लावून ते बाभळीखाली बसले होते, आणि जाळं घेऊन पाण्यात होत्या त्यांच्या बायको, कौसल्याबाई. लुगडं खोचून, नवऱ्याच्या सूचनांकडे साफ दुर्लक्ष करत.

एरवी वीस मासे व्हायला दुपारचे तीन वाजत. कौसल्याबाईंनी तासाभरात बादली आणून पुढ्यात ठेवली. बाई नवऱ्यापेक्षा तयारीची दिसते, असं अरुंधतीच्या मनात आलं. पहिला मासा उचलला, तो शेपटी कातरलेला. दुसराही तसाच, तिसराही. एकूण तेवीस मासे, त्यांत कातरलेले सतरा. तिनं पुन्हा मोजले आणि पुन्हा सतराच भरले.

"हे तं तुमचेच व्हय ना, मॅडम?" कौसल्याबाई म्हणाल्या. "आमचे बुढे यायले बादलीत नाई टाकत. पाण्यातल्या पाण्यातच सोडून देतेत."

अरुंधतीला आधी अर्थच लागला नाही. तो लावून दिला देवरावांनीच, आणि तोही मोठ्या कौतुकानं, कारण त्यांच्या लेखी लपवण्यासारखं काही नव्हतंच. पहिल्या उन्हाळ्यात बादलीतल्या गरम पाण्यात खुणेचे चार मासे मेले होते. तेव्हा मॅडम इथंच, या दगडावर बसून रडल्या होत्या. हे मासे म्हणजे माझा जीव आहे, यांना धक्का लागता कामा नये, असं म्हणाल्या होत्या. देवरावांनी ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून जाळ्यात कातरलेली शेपटी दिसली की मासा तिथल्या तिथं मोकळा, बादलीत फक्त कोरे. अलीकडे दोन वर्षं डोळ्यानं दगा दिला म्हणून एखाददुसरा चुकून बादलीत जायचा, त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

"आता डोळा सुधरला," ते म्हणाले. "आता एक बी नाई चुकनार."

भुकेपुढे भीती टिकत नाही म्हणे! मोतीबिंदू होता तो. अरुंधतीनं वही मिटली. रागवावं तरी कुणावर? बोलली होती ती तसं, अगदी तसंच बोलली होती, आणि नंतर विसरूनही गेली होती. या माणसानं मात्र नऊ वर्षं तिचा शब्द पाळला होता. तिनं मासे पाण्यात सोडले, कौसल्याबाईंचे आभार मानले आणि काहीही न सांगता गाडी काढली. सांगायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

बेशाला घरी येऊन तिनं गणित मांडलं. गेल्या हिवाळ्यातही नव्वदच कातरले होते. नव्वद गुणिले तेवीस, भागिले सतरा. उत्तर आलं एकशे बावीस. जाळ्याला घाबरणारा मासा कुठं नव्हताच. होते ते सव्वाशे गरीब मासे, पुन्हा पुन्हा जाळ्यात येणारे आणि देवरावांच्या दयेनं सुटणारे. तिचा नवरा सुशील शेजारी बसून सगळं ऐकत होता. तिच्याइतकाच तोही या प्रबंधाला कंटाळला होता, पण बोलून दाखवत नव्हता. त्यानं एवढंच विचारलं की मग सोमवारचं काय.

शनिवारी ती रामदासपेठेत सरांकडे गेली. गिरिधर सर वाईट माणूस नव्हेत. जूनमध्ये निवृत्त होत होते, अरुंधती ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी, आणि तिचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की शुक्रवारचा ठिपका गाळून टाक. माणसं बदलली की नमुना बदलतो, हे कुणीही मान्य करेल. आणि म्हाताऱ्यानं सोडून सोडून किती सोडले असतील? जाऊन विचार. सगळ्या वर्षांत मिळून दोन-चार म्हणाला तर तुझ्या आकड्याला फारसा धक्का नाही, सोमवारी ये आणि मोकळी हो.

मोकळी हो. तो शब्द ऐकून अरुंधतीच्या डोळ्यांत पाणीच आलं. दोन-चार असतील, दोन-चारच असतील, असं मनाशी घोकत ती रविवारी पुन्हा त्याच रस्त्यानं निघाली. खोटं कशाला बोला, तिला तेच उत्तर हवं होतं.

देवराव अंगणात खाटेवर बसून फाटलं जाळं सांधत होते. नव्या डोळ्याचं त्यांना भारी अप्रूप वाटत होतं. तिनं विचारलं, एका खेपेला खुणेचे किती मासे सोडत होता? देवरावांना विचारही करावा लागला नाही. दहा आले तर त्यांत सात-आठ तेच, ते म्हणाले. म्हणून तर वीस कोरे जमवायला दिवस मोडायचा.

संपलं. अरुंधती खाटेच्या काठावर टेकली. मग, काही ठरवलेलं नसताना, तिनं विचारलं, "नाल्यात सगळे मिळून मासे किती असतील, देवरावजी?"

"वरच्या डोहात पन्नासेक," देवराव म्हणाले. "आंब्याखाली चाळीस. पुलाजवळ तीस-पस्तीस असन. सव्वाशे धरा. म्या तं पाच साल झाले, या नाल्याचा मासा घरी आनला नाई. किती उरले मंग, खावाचे काय?"

नऊ वर्षं, चार कात्र्या, अकरा वह्या आणि एक जाडजूड अध्याय, आणि उत्तर या खाटेवर बसलेलं होतं. मग तिनं त्यांना सगळं सांगितलं. खुणेचे मासे मोजण्यासाठीच होते, सोडून देण्यासाठी नव्हते. पुस्तकात तिनं बाराशे लिहिले आहेत. देवराव ऐकता ऐकता जाळं सांधायचे थांबले. त्यांनी काळा चष्मा काढून हातात धरला.

"माह्यामुळं झालं का, मॅडम?"

"नाही. मी काठावर बसून राहिले, म्हणून झालं."

मग त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं, "तुमाले मालूम हाय मनून म्या बोललो नाई. पन मले इचारलं काहून नाई?"

तेवढ्यात सरांचाच फोन आला. ती म्हणाली, "सर, नाल्यात सव्वाशेच मासे आहेत. प्रबंध उद्या येत नाही." सर बरंच बोलले. नोंदणी जाईल, नऊ वर्षं मातीत जातील, माझ्यानंतर तुला कोण घेणार. सगळं खरं होतं. तिनं प्रत्येक वाक्याला हो म्हटलं आणि फोन ठेवला. आपण आता रडू असं तिला वाटलं होतं, पण रडू आलं नाही. नुसता थकवा होता, आणि छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. कौसल्याबाईंनी न विचारता चहाचा कप तिच्या हातात दिला.

चहा संपल्यावर तिनं पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं आणि वर तारीख घातली.

"वरच्या डोहात पन्नास म्हणालात," ती म्हणाली. "तुमच्या लहानपणी तिथं किती असायचे?"

देवरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि नाल्याच्या दिशेनं पाहिलं.

"तवा कोन मोजत होतं, मॅडम? तवा मोजाची गरजच नोती."