थांबायचं कार्ड

या, जरा पुढं सरकून बसा. दोन जावांची गोष्ट सांगायची आहे. ऐकताना आपापल्या मनात डोकावलात तरी चालेल, देवाशिवाय कुणी बघत नाही.

थोरली जाऊ अकरा वर्षं शाळेत सातवीला संगणक शिकवत होती. चौदा संगणकांची दुखणीखुपणी तिला लेकरांसारखी पाठ. मग धाकटी जाऊ त्याच शाळेत लागली, सहावीला. तिचा संगणक म्हणजे पुठ्ठ्याची कार्डं. मुलांनीच यंत्र व्हायचं, कार्डावर लिहिलंय तेवढंच करायचं, देवानं दिलेली अक्कल तासापुरती बाजूला ठेवायची. तिच्या वर्गात हसू फुटलं की भिंतीपलीकडे थोरलीच्या पोटात दुखायचं.

"सातवीची पोरं विचारतात, धाकट्या बाई आम्हाला कधी शिकवणार?" शिपाई म्हणाला.

"विचारू देत. पुठ्ठ्यावर संगणक चालला असता तर वीज कशाला लागली असती?" थोरली हसली खरी, पण डबा अर्धाच ठेवून उठली.

त्यातच मुख्याध्यापिका म्हणाल्या, "धाकट्या बाईंचा एक तास सातवीवर बघू. जमलं तर पुढच्या वर्षी सातवी त्यांना."

त्या तासाच्या दिवशी सकाळी कार्डं घरी, दोघींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती. उंचीप्रमाणे रांग लावायचा खेळ. शेजाऱ्याशी उंची ताडून पाहा, पुढचा उंच असेल तर जागा बदला, रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटचं कार्ड: 'अख्ख्या फेरीत कुणीच हललं नाही, तर थांबा.'

"ताई, डब्यात लिंबाची फोड ठेवू?" पाठमोऱ्या धाकटीनं विचारलं.

"ठेव," म्हणत थोरलीनं ते कार्ड पर्समध्ये सरकवलं.

तासाला रांग छान लागली. लागली तरी पोरं आपली पहिल्यापासून ताडून पाहतच राहिली. चौथी फेरी, पाचवी फेरी. धाकटी कार्डं चाळत होती, कानशिलं लाल झालेली. मागच्या बाकावरून थोरली बघत होती. हवं तेच घडत होतं.

सगळ्यात पुढं उभी असलेली बुटकी मुलगी म्हणाली, "बाई, थांबायचं कधी ते लिहिलंच नाही."

"तुला कसं कळलं गं?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"थोरल्या बाईंनी शिकवलंय. माझा संगणक असाच अडकला होता. फेरी लिहायची तर आधी थांबणं लिहायचं."

धाकटीचा चेहरा उजळला. "सातवी ताईंकडेच राहू द्या. मी विसरले, त्यांची पोर नाही विसरली."

सातवी परत हातात आली होती. गप्प बसलं की झालं. पण ती बुटकी मुलगी कौतुकानं थोरलीकडेच बघत होती. थोरली उठली आणि तिनं पर्स उघडून कार्ड टेबलावर ठेवलं. "धाकटी विसरली नव्हती. मी उचललं होतं."

धाकटीनं कार्ड उचललं आणि थोरलीपुढं केलं. "तुम्हीच वाचा, ताई. पोरांचे पाय दुखले असतील."

पुढच्या वर्षी सातवी धाकटीला मिळाली. वर्गातलं हसू ऐकून थोरलीच्या पोटात अजून दुखतं, नाही असं नाही. तुमच्याही पोटात दुखलं, तर त्या बुटक्या पोरीची तेवढी आठवण ठेवा.