फोटोतला साप

“दोन आहेत की जास्त?”

जयंतीच्या घोट्यावरची चिकटपट्टी कडेकडेने मळून काळपट झाली होती, एक कोपरा सुटून वर वळला होता, आणि नलिनीला वाटत होतं की आपलं बोट आपल्याही नकळत तिकडे जाईल आणि तो कोपरा धरून सर्रकन ओढेल. प्रश्न तिचा नव्हताच खरं तर. शकु आणि रत्नप्रभाने मधल्या सुट्टीआधी पैज मारली होती — विषारी सापाचे दात दोनच उमटतात म्हणे, हिंमत असेल तर विचार तिला तोंडावर. हिंमत? नलिनी परबची? गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत माइकसमोर सलग सात मिनिटं बोलून आल्यापासून तिच्या हिंमतीविषयी वर्गात कुणी तोंड उघडत नसे... निदान जयंतीला साप चावेपर्यंत तरी नसे.

“काय माहीत गं,” जयंती म्हणाली. “मी डोळेच मिटले होते ना. तूच बघ.” आणि तिने पट्टी काढून पाय पुढे केला.

आता यावर माणसाने करायचं काय? जयंतीने नाक मुरडलं असतं, ‘तुला कशाला चौकशा’ म्हणाली असती, तर सगळं कसं झकास झालं असतं. पट्टीखाली कंगवा दाबून धरल्यावर उमटावेत तसे बारीक ठिपके होते, पाच की सहा, बरे होत आलेले. शकुने मागून चिमटा काढला — जिंकलीस यार. जिंकले. मग हे अजून का दुखतंय?

“तुझी रिबीन माझ्याकडेच राहिलीय,” जयंती हळूच म्हणाली. “आईने धुऊन ठेवलीय. उद्या आणते.”

रिबीन! म्हणजे हिला सगळं आठवतंय. गणपतीच्या आदल्या दिवशी त्या दोघी पार्कातल्या जंगलाच्या कुंपणापलीकडे पत्री गोळा करायला गेल्या होत्या, आघाड्याच्या झुडपाशी जयंतीचा पाय विटांच्या ढिगात गेला, आणि ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती खाली बसली. साप छत्रीने कुणी मारला? नलिनीने. पाय कुणाच्या रिबिनीने बांधला? नलिनीच्या. डॉक्टरांना दाखवायला तो साप कुणी आपल्या स्टीलच्या डब्यात भरून घेतला — ज्यात आई रोज भाकरी देते त्या डब्यात — आणि रिक्षात तो डबा मांडीवर धरून, दुसऱ्या हाताने जयंतीचं डोकं सावरत कोण बसलं होतं... आणि तीन दिवसांनी सांजदैनिकात काय आलं? ‘मण्यारीशी झुंजली शाळकरी रणरागिणी’. आणि खाली: कुमारी जयंतीने प्रसंगावधान राखून स्वतःच्या केसांतली रिबीन सोडून पाय आवळला, सोबतची मैत्रीण मात्र भेदरून पळून गेली.

पळून गेली. नलिनीने ते दोन शब्द इतक्या वेळा वाचले होते की आता डोळे मिटले तरी ते तिला छापील दिसत.

आणि मण्यार कसली? हॉस्पिटलात डॉक्टरांनी चिमट्याने साप उचलून तिला दाखवला होता. “हा कवड्या. बिनविषारी. याचे पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं बरोब्बर उलटं.” तरी एक रात्र ठेवून घेऊ म्हणाले, एवढंच. हे तिने वर्गात सांगितलं नव्हतं असं नाही. भर तासाला उभी राहून सांगितलं होतं. तर बाई म्हणाल्या, “पेपरवाले खोटं छापतात का? नलिनी, दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही, हे चांगलं नाही हं.” सगळा वर्ग हसला. शकुसुद्धा. येत्या शनिवारी शाळेच्या सभागृहात जयंतीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता, आणि तोच वार्ताहर पुन्हा येणार होता.

“कात्रण दे ना बघायला,” रत्नप्रभा म्हणाली. जयंतीच्या मामाने गठ्ठाभर अंक घेतले होते, एक कात्रण तिच्या कंपासपेटीत कायम असे. ते हातोहात फिरत नलिनीकडे आलं. शंभरदा पाहिलेला फोटो: लोखंडी खाटेवर जयंती, दोन वेण्या पुढे घेतलेल्या, चेहऱ्यावर ते कसनुसं हसू — आणि पुढे, कागदावर लांबवून ठेवलेला साप. नलिनीने आजवर त्या सापाकडे पाहिलंच नव्हतं. तिचे डोळे दर वेळी थेट जयंतीच्या चेहऱ्यावर जात आणि तिथेच जळत राहत. आज डोक्यात ते ठिपके होते म्हणून असेल, नजर खाली घसरली.

मान काळीकुळकुळीत. पट्टे मध्यापासून सुरू झालेले, जोडीजोडीने, आणि शेपटीच्या टोकापर्यंत स्वच्छ पांढरे.

ही मण्यारच होती. पेपरवाल्यांनी खोटं छापलं नव्हतं. फक्त हा नलिनीच्या डब्यातला साप नव्हता. कागदाशेजारी डालड्याच्या डब्याची कड दिसत होती, त्यावरच्या झाडाचं अर्धं चित्र... आणि तो डबा तिने पाहिला होता.

घंटा झाली. भूगोलाच्या तासाला बाई फळ्यावर नकाशा काढत होत्या आणि नलिनी त्या वॉर्डात उभी होती. जयंतीच्या खाटेपलीकडे जमिनीवर अंथरलेल्या गादीवर एक बाई होती, जंगलातल्या पाड्यावरून आणलेली. तिचा नवरा भिंतीला टेकून डालड्याचा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसला होता. बाईच्या पापण्या मिटत होत्या, तिला उघडायच्या होत्या पण उघडत नव्हत्या, आणि नलिनीला वाटलं होतं, झोप आलीय हिला. खरं सांगायचं तर तिला राग आला होता — आमची जयंती इकडे रडतेय, आणि सगळे डॉक्टर, सगळ्या नर्सा धावतायत त्या पेंगणाऱ्या बाईकडे! आमच्याकडे का नाही? सापाच्या बाबतीतसुद्धा दुसऱ्याचाच नंबर आधी लागावा, याचं तिला वाईट वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले होते, ती पाड्यावरची गेली. आई म्हणाली होती, जेवताना नको. आणि नलिनीने आमटी वाढून घेतली होती.

शाळा सुटल्यावर काजूपाड्याच्या चढावर शकु मागून हाका मारत राहिली, “अगं पैज जिंकलीस, पेप्सीकोला नको का तुला?” — पण ती थांबली नाही.

बाबा पहिली पाळी करून आले होते, उंबऱ्यात बसून चहा पीत होते. गिरणीत होते तेव्हा काशीराम परब चाळीत सगळ्यांत मोठ्याने बोलत; संपानंतर त्याच हॉस्पिटलच्या वॉर्डात बदली कामगार म्हणून लागल्यापासून आवाज खाली आला होता. आई सुपात तांदूळ निवडत होती.

“बाबा, पेपरातल्या फोटोत साप कुणाचा आहे?”

बाबांनी कप खाली ठेवला. “साप तो साप गो. कुणाचो म्हणजे?”

“डालड्याच्या डब्यातला. त्या बाईला चावलेला.”

“तुझो तर मी तेव्हाच टाकलंय. तुझ्या आवशीक डबो परत होयो होतो.” बाबा आईकडे बघत म्हणाले. “फोटोवालो इलो, साप दाखव म्हणालो. तो डबो तसोच पडललो, तो दाखवलंय. माका काय म्हायत, ते पोरीवांगडा एकाच फोटोत छापतले.”

“आणि ती तिथेच होती? गादीवर?”

“तेव्हा गादी रिकामी होती,” बाबा म्हणाले. हे मात्र त्यांनी शाळेतल्यासारखं शुद्ध मराठीत सांगितलं.

“हे बघ,” आई सूप बाजूला ठेवत म्हणाली, “बाहेर बोलशील तर याद राख. बदलीचं काम आहे. मुकादमाला कळलं की वॉर्डातली वस्तू पेपरवाल्याला दिली, तर उद्यापासून घरी.”

नलिनी दप्तर न उतरवताच बसली. गेले कितीतरी दिवस तिला वाटत होतं की जयंतीने आपलं काहीतरी घेतलंय — आपली शौर्यकथा, आपला फोटो, आपलं शाल-श्रीफळ — आणि ते हिसकावून परत आणायचं. आता बघावं तर त्या बातमीत तिचं होतं काय? एक रिबीन. बाकी सगळं, ती मण्यार, ते मरणाच्या दारात जाणं, ते कुणा एकीचं होतं, जिच्यावर कुणी एक ओळ छापली नाही. आणि त्या ओळीसाठी दोन शाळकरी पोरींत ही जळफळ चालली होती. पत्र लिहायला हवं, संपादक महाशय वगैरे. हे सुचलं आणि लगेच, निर्लज्जासारखं, तिला खाली छापलेलं नाव दिसलं. कुमारी नलिनी काशीराम परब. केवढं छान दिसत होतं ते! शनिवारच्या सत्काराच्या आधी आलं तर बाईंचा चेहरा, जयंतीच्या मामाचा चेहरा... म्हणजे दुखणं गेलं नव्हतंच, नुसती कूस बदलली होती त्याने. आणि त्या नावाच्या मधोमध बाबा बसले होते. ते काढून टाकलं तर ती कोण? एक नलिनी. कुणीही नलिनी. शहानिशा न करता टोपलीत जाणारं पत्र.

“बाबा, तिचं नाव काय होतं?”

सुपातला एक खडा आईने बोटाने कडेला ढकलला.

“चंपा,” बाबा म्हणाले. “केसपेपरावर मीच सांगितलेलं नर्सला, नवऱ्याच्या तोंडून तेवढाच एक शब्द फुटला होता. आडनाव राहिलं.”

चंपा. नलिनीने ते मनात एकदा छापून पाहिलं. खाटेवरच्या त्या फोटोत जयंतीच्या जागी तिला कुठलाच चेहरा आणता येईना. फक्त उघडू पाहणाऱ्या पापण्या. आणि त्या क्षणी, आईच्या वटारलेल्या डोळ्यांसमोर, तिला वक्तृत्वाच्या माइकसमोर वाटलं होतं त्याहून जास्त भीती वाटत होती, आणि तरी पाय त्याहून घट्ट रोवलेले वाटत होते.

“मी पेपरला पत्र लिहिणार आहे,” ती म्हणाली. “साप चंपाला चावला होता, एवढंच. डबा कुणी दाखवला ते त्यात येणार नाही, जयंतीचंही काही वाईट येणार नाही. पण पत्र मी आज लिहिणार आणि शनिवारच्या आधी टाकणार. खाली कुणाचं नाव घालायचं, ते मला अजून कळत नाहीये, बाबा. ते तुम्ही उद्या सकाळपर्यंत सांगा. नाही सांगितलंत, तर मी माझं घालणार — पूर्ण.”