अनारकान बसली होती तो बाक

मी एक जुना बाक आहे, अक्रोडाच्या लाकडाचा. सध्या मागच्या अंगणात असतो, एक पाय विटेवर टेकवून. पण मित्रांनो, एके काळी मी सरकारी बाक होतो. लोकांची खासगी गोष्ट कुणी चव्हाट्यावर मांडू नये म्हणून सरकारने जे कार्यालय उघडले, त्याच्या दाराशी माझी जागा होती.

माझा जन्म मध्य आशियातल्या फरगाणा खोऱ्याच्या कडेला, अक्रोडाच्या रानात झाला. मोमुन नावाच्या तिरसट सुताराने मला घडवले. "बसणाऱ्याची पाठ दुखली, तर शिव्या मलाच बसणार," असे पुटपुटत तो माझी पाठ पुन्हा पुन्हा तासत असे. माझ्या उमेदीची वर्षे साबिरआकेंच्या चहाखान्यात गेली. मेंढ्यांचे भाव, मोडलेल्या सोयरिकी, रशियाला गेलेली मुले, सारे मी ऐकले. असा बाक सबंध बाजारात नाही, असे लोक म्हणत. साबिरआके गेले, त्यांच्या मुलांनी तिथे फोनचे दुकान थाटले आणि मला नव्या कार्यालयाला विकून टाकले.

तिथे तिलेक नावाचा तरुण वकील साहेब होता. सुरुवातीला कुणी फिरकतच नसे. तिलेक माझ्यावर बसूनच जेवायचा. जाता जाता गावकरी दारातून टोमणा मारत, "साहेब, आमची माहिती कसली राखता? मेंढरं राखा, दर वर्षी चोरीला जातात!"

मग एके दिवशी अनारकान आली. बाजारात तंदुरातल्या रोट्या विकणारी विधवा. मी सगळा रिकामा असूनही ती अगदी कडेला टेकली. अलीकडे तिच्या शेजारून लोक उठून जाऊ लागले होते, त्याची तिला सवय झाली असावी.

तिलेक बाहेर येऊन तिच्याजवळ बसला. "एजे, तुम्ही मला थोरल्या बहिणीसारख्या. मोकळेपणाने सांगा."

"मला टीबी झाला होता, बाळा. औषधं पुरी केली, बरी झाले. पण दवाखान्यातल्या कुणीतरी माझ्या कागदाचा फोटो काढून बाजाराच्या ग्रुपवर टाकला. आता माझ्या रोट्यांना माशीसुद्धा शिवत नाही."

"मग तुम्हाला काय हवंय?"

"तो फोटो तिथून काढून टाकायला लाव. आणि दवाखान्यानं एकदा लोकांना सांगावं की ही बाई बरी आहे. बास. माझा नुर्दीन तिकडे रशियात, कझानला बांधकामावर असतो. त्याच्या कानावर जायच्या आत मिटव. नाहीतर काम टाकून पळत येईल पोरगा."

मित्रांनो, तिलेक मनापासून राबला. त्याने दवाखान्याच्या लोकांना बोलावले, जाब विचारला, दंड ठोठावला. फोटो ग्रुपवरून हटवला गेला. दंड सरकारी तिजोरीत जमा झाला. पण अनारकान बरी आहे हे जाहीर सांगायला दवाखान्याच्या प्रमुखबाईंनी नकार दिला. त्या माझ्यावर ताठ बसून म्हणाल्या, "रुग्णाची खासगी माहिती आम्ही बाहेर देत नाही. तुम्हीच तर शिकवलंत!"

तरीही राजधानीतून वरिष्ठ साहेब आले. खोऱ्यातला पहिला विजय म्हणून मिठाई वाटली गेली. तिलेकची पाठ थोपटली गेली, आणि नियमाप्रमाणे निकाल सरकारी संकेतस्थळावर झळकला. पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव, आजार.

निकालाची प्रत घ्यायला अनारकान आली, तेव्हा माझ्यावर बसली असतानाच तिचा फोन वाजला. नुर्दीनचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"आई, तुला टीबी झाला होता?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खोलीतल्या पोरांनी वाचून दाखवलं. सरकारी पानावर आहे म्हणे, आपल्या गावासकट. आता म्हणतात, तूही तपासून ये, तोवर दुसरीकडे झोप."

"अरे, मी बरी आहे. ठणठणीत आहे."

"मग मला का नाही सांगितलंस? मी कोण तुझा?"

फोन बंद झाला. ती डोक्याच्या रुमालाच्या टोकाशी चाळा करत राहिली. तिलेक हसत बाहेर आला, हातात निकालाची प्रत. तिचा चेहरा पाहून त्याचे हसू मावळले.

"बाळा, जे बाजारात होतं ते तू कझानला पोचवलंस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

"एजे, निकाल जाहीर करावाच लागतो. पण नाव काढता येतं! तुम्ही फक्त राजधानीला अर्ज करा."

"त्यात काय लिहायचं?"

"नाव, गाव, आणि..." तिलेक अडखळला.

"आजार?"

त्याने मान खाली घातली.

"आणि तो अर्ज किती जण वाचणार?"

ती उठली. निकालाची प्रत माझ्यावरच ठेवून चालती झाली. पुन्हा ती आली नाही. पुढे कळले की तिने बाजारातला तंदूर मोडला.

तिलेकने राजधानीला कितीदा तरी फोन केले. "ज्या बाईचं नाव आहे, तिचाच अर्ज लागतो," एवढेच उत्तर येई. नंतर त्याची बदली झाली. कार्यालय काचेच्या इमारतीत गेले, तिथे खुर्च्या आल्या आणि मी तिच्या मागच्या अंगणात. बर्फाने माझे सांधे उकलले आहेत. अनारकानचे नाव अजून त्या संकेतस्थळावर तसेच आहे, असे माझ्यावर बसून विड्या ओढणारे शिपाई सांगतात.

मला कुणी आडोशाला ठेवले तर उपकार होतील. पण मित्रांनो, खरे मागणे वेगळे आहे. कुणाच्या बाजूने उभे राहाल, तेव्हा त्या माणसाला आधी विचारत जा. अनारकानला काय हवे, हे तिलेकने विचारले होते. तिचे नाव छापू का, हे कुणीच विचारले नाही.