ठिपकीचे टाके

सकाळी टेलरबाईंनी मागचं दार उघडलं, तर अंगणभर पिसं. जुनी उशी फाटावी तशी. बोका कुंपणाच्या भिंतीवर बसून निवांत पंजा चाटत होता. पाण्याच्या टाकीमागे, ओल्या कोपऱ्यात, ठिपकी कोंबडी बसली होती. डोळे उघडे, चोच किंचित वासलेली. पंखापासून शेपटीपर्यंत पाठीची कातडी सुटून एका बाजूला लोंबत होती, शिवण सुटलेल्या अस्तरासारखी.

बाईंनी आधी बोक्याला चप्पल फेकून मारली. लागली नाही. मग त्यांनी घाबरून मागे पाहिलं. दारातली खुर्ची अजून रिकामी होती. यजमानांना उठवायचं होतं, तोंड धुऊन द्यायचं होतं, या खुर्चीत आणून बसवायचं होतं. आणि बसल्याबरोबर ते डबा मागणार होते.

बाईंचे यजमान बसचे कंडक्टर. गाडीच्या पुढच्या दारातून बोलले तर मागच्या दारातला माणूस सुट्टे पैसे काढायचा, असा आवाज. गेल्या वर्षी झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि तो आवाजही गेला. पाणी मागायला जावं तर घशात नुसती घरघर. बायकोला साधं 'अगं' म्हणता येईना. एवढ्या सगळ्यातून एकच हाक वाचली होती. दाण्यांचा डबा हातात दिला, की डाव्या हाताने ते तो खुळखुळवायचे आणि स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात म्हणायचे, "ये गं ये, ठिपके, ये गं ये."

डॉक्टर म्हणाले होते, जे येतंय ते रोज म्हणू द्या. त्याचंच बोट धरून एखादा दुसरा शब्द परत येईल.

तेव्हापासून बाई त्या वेळेला मशीन थांबवायच्या. पायाखालचं पायडल थांबायचं, सुई कापडात तशीच उभी राहायची. हाक कोंबडीला असली म्हणून काय झालं, आवाज तर त्यांच्या माणसाचा होता.

भावाला उचलून बसवायला नणंद रोज सकाळी यायची. ती आली आणि दारातच थबकली.

"अगं बाई! वहिनी, आता हिला पातेल्यातच घाला. तिचेही हाल संपतील आणि आपलंही भागेल."

"वन्सं, तुमच्या जिभेला काही हाड? धरा हिला. टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळा, पंख फडफडू देऊ नका."

नणंद बडबडत बसली, पण धरलं मात्र हळुवार, तान्ह्या लेकरासारखं. बाईंनी मीठ घालून पाणी उकळलं, कोमट होऊ दिलं. यजमानांना औषध पाजायची पिचकारी आणली. एकेक धार जखमेवर सोडली. माती गेली, चिकटलेलं पीस गेलं, रक्त फिकट होत गेलं. धागे कापायच्या छोट्या कात्रीने कडेची पिसं कातरली. खाली दातांची भोकं दिसली, बारीक आणि खोल. ठिपकी एकदाच आत कुठेतरी कुरकुरली. बस.

मग बाईंनी रिळांचा डबा उघडला. सुई उकळत्या पाण्यातून काढली आणि सवयीने, विचारही न करता, रंग जुळवला. तपकिरी नको, हा जरा लालसर; हां, हा. कातडीच्या दोन कडा एकमेकींना लावल्या आणि लपता टाका घातला, जवळ जवळ, कुठे फट म्हणून नाही. टोकाला दुहेरी गाठ. उसवायला नको म्हणून वरून आणखी एक.

"कमाल केलीत हो वहिनी," नणंद वाकून बघत म्हणाली. "माझा ब्लाउज कधी इतका बेतात बसवला नाहीत."

"तुम्ही माप देताना पोट आत ओढता. ही ओढत नाही."

दोघी हसल्या. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं.

ठिपकीला चिंध्यांच्या खोक्यात घालून मशीनजवळ ठेवलं. कंडक्टर खुर्चीत बसले, डबा खुळखुळवला, अंगणाकडे पाहत राहिले. पिसं बाईंनी झाडून टाकली होती. मग खोकं उचलून यजमानांच्या मांडीवर दिलं. त्यांनी पाठीवरच्या शिवणीवरून बोट फिरवलं, बायकोकडे पाहिलं. मग हाक आली, "ये गं ये, ठिपके." ठिपकीने मान वर केली. बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच मशीन सुरू केली.

ठिपकी भिजवलेले दाणे टिपू लागली. पाणी प्यायली. शिवण कोरडी, एक टाका हलला नव्हता. गिऱ्हाईक आलं की बाई खोकं उघडून दाखवायच्या.

मग एका दुपारी वास आला. बाईंना वाटलं, मोरी तुंबली. मोरी धुतली. वास तसाच. खोक्यापाशी वाकल्या तेव्हा कळलं. शिवण शाबूत होती आणि तिच्याखाली पाठ फुगली होती, गरम, हिरवट.

जनावरांच्या डॉक्टरांनी ठिपकीला उजेडात धरलं.

"टाके कुणी घातले?"

"मीच." त्या एका शब्दात अजूनही थोडी ऐट होती.

"सुरेख आहेत." त्यांनी बोटाने शिवण दाबून पाहिली. "पण बाई, मांजराचा चावा शिवायचा नसतो. आतली घाण बाहेर यायला वाट लागते. ती वाटच बंद झाली."

"फाटलेलं उघडं कसं ठेवायचं?"

"तसंच. रोज धुवायचं आणि उघडं ठेवायचं."

बाईंना ते उमजेना. जन्मभर त्यांच्यापुढे जे फाटून आलं, ते मिटूनच परत गेलं होतं.

"आता?"

"आता उसवतो. धुतो. औषध देतो." त्यांनी चष्मा काढला. "पण फार आस लावून बसू नका."

"मी उसवते," बाई म्हणाल्या. "हात माझा आहे."

गाठ सुटेना. दुहेरी, वरून आणखी एक. इतकं पक्कं काम त्यांच्या हातून क्वचितच झालं असेल. कात्रीचं टोक गाठीत शिरेपर्यंत त्यांचा घाम हनुवटीवरून गळत होता.

घरी आल्यावर त्यांनी धुतलं, औषध घातलं, उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी कंडक्टरांनी हात पुढे केला तेव्हा खोकं मांडीवर दिलं. डबा खुळखुळला. "ये गं ये, ठिपके." मान उठली नाही. डबा जोराने खुळखुळला. "ये गं ये." पापणी पांढरी, अर्धी मिटलेली. ते पुन्हा म्हणायला गेले, "ये गं..." आणि पुढचं आलंच नाही. डबा हातातून सुटला. दाणे फरशीवर पसरले.

संध्याकाळी नणंद आली. काखेत एक कोंबडी. ठिपक्यांचीच, बाजारभर हिंडून शोधलेली. आज तिने काही थट्टा केली नाही.

"दादा, बघ तरी."

त्यांनी पाहिलं. पीस न् पीस पाहिलं. मग मान वळवली आणि भिंतीकडे बघत राहिले. डबा हातात दिला, तो त्यांनी धरला. खुळखुळवला नाही.

पुढच्या सकाळीही नाही. त्याच्याही पुढच्या सकाळी नाही. यजमानांचे डॉक्टर म्हणाले, थांबून बघा, पण आवाजात जोर नव्हता.

मग बाईंनीच त्यांच्या बोटांतून डबा सोडवून घेतला आणि त्या पायरीवर बसल्या. कधी कोंबडीला हाक मारली नव्हती. ती हाक त्यांची नव्हतीच. घसा खाकरला.

"ये गं ये, ठिपके, ये गं ये."

नवी कोंबडी टाकीमागून धावत आली आणि पायाशी दाणे टिपू लागली. बाईंनी मान वळवून खुर्चीकडे पाहिलं. यजमानांचे ओठ मिटलेले होते, घट्ट, कुठे फट म्हणून नाही.