कुलूपवाल्याच्या घरचा कॉम्प्युटर

या, बसा. खुर्ची जरा डुगडुगते, तेवढं सांभाळा. मी हा कोपऱ्यातल्या टेबलावरचा कॉम्प्युटर बोलतोय. घरात सगळे माझ्याकडे तोंड करून बसतात, पण माझं ऐकायला कुणी बसत नाही. आज तुम्ही सापडलात.

माझ्या जन्माची कथा सरळ नाही. माझा डबा एका गावचा, पडदा दुसऱ्या गावचा, मेंदू कुठल्या तरी तिसऱ्याच मुलखातला. बाजारातल्या एका दुकानदाराने हे सगळं स्क्रूने आवळून एकत्र आणलं आणि काचेत मांडून ठेवलं. तिथे बसल्या बसल्या मी धंदा शिकलो. गिऱ्हाईक "सहज बघतोय" म्हणालं की ते घेणार, आणि "उद्या नक्की येतो" म्हणालं की त्याचं तोंड पुन्हा दिसणार नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं.

एक दिवस आमचे मालक आले. त्यांचं स्वतःचं कुलपांचं दुकान. "सहज बघतोय," म्हणाले. मी मनात म्हटलं, चला, सामान बांधा! दोन व्यापारी समोरासमोर आले की घासाघीस म्हणजे नुसता खेळ. मालक दोनदा दाराबाहेर गेले, दोनदा परत आले, आणि शेवटी माझ्या उंदराखालची, म्हणजे माउसखालची, चटई फुकट मिळवून विजयी मुद्रेने मला घरी घेऊन आले.

घरात माणसं मोजकी. मालक, मालकीणबाई, शाळेत जाणारी त्यांची मुलगी आणि आजोबा. सुरुवातीला माझं दार सताड उघडं. बटण दाबा आणि आत या. धर्मशाळाच म्हणा ना! मुलीच्या निबंधाशेजारी मालकांचे कुलपांचे फोटो, त्यावर आजोबांचा पत्त्यांचा डाव, आणि मालकीणबाईंची चित्रं त्या गर्दीत अंग चोरून उभी.

या चित्रांचं सांगायला हवं. मालकीणबाई लहान मुलींचे फ्रॉक बेततात. वर्षानुवर्षं शेजारच्यांचे कपडे उसवून, आत घेऊन, लांब करून दिले. पण मन सगळं नव्या फ्रॉकात. माझ्या पडद्यावर रेघ ओढायला शिकल्या तेव्हा स्वतःशीच गुणगुणायच्या. मला फार आवडायचं ते.

पण आजोबा! आयुष्य गेलं कचेरीच्या खिडकीत. समोरच्याने काहीही विचारलं की "नाही" म्हणायची बोटांना सवय. मी बिचारा अदबीने विचारायचो, "केलेले बदल जतन करायचे का?" आजोबा ठोकून "नाही"! अर्धा बेतलेला फ्रॉक गेला हवेत.

"बाबा, अहो माझं काम होतं त्यात!"

"मग आधी सांगायचं नाही का? यंत्राने विचारलं, मी उत्तर दिलं. नियमाने वागलो."

मग एका रविवारी मालकांची भाची आली. कॉलेजात शिकणारी, तोंडाने तुफान. तिने एका नजरेत सगळा पसारा पाहिला.

"मामा, हे काय आहे? आठवडी बाजार? प्रत्येकाचं वेगळं खातं काढू. आपलं नाव, आपला पासवर्ड, आपलं सामान. एकाचं दुसऱ्याला दिसणार नाही."

"आणि मुख्य कोण?" मालकांनी तत्काळ विचारलं.

"एक जण प्रशासक असतो. नवीन काही बसवायचं तर त्याची परवानगी लागते."

"म्हणजे मी," मालक म्हणाले. "कुलपातलं मला नाही कळणार तर कुणाला?"

काय सांगू तुम्हाला, त्या दुपारी मी नुसता हवेत होतो! एका खोलीचा माझा संसार, त्याचं चार खोल्यांचं घर झालं. मुलीने आपल्या नावापुढे मांजराचं चित्र लावलं. आजोबांनी पासवर्ड टाकताना प्रत्येक अक्षर मोठ्याने उच्चारलं. ते ऐकून समोरच्या इमारतीतली बाई गॅलरीत आली. पुन्हा नवा ठरवला, तोही तिने ऐकला. शेवटी भाची म्हणाली, "राहू द्या आजोबा. पत्तेच तर आहेत."

जुनं सगळं सामान मात्र मालकांच्या खात्यात राहिलं होतं. "मामी, तुझी चित्रं तुझ्या खात्यात हलवून घे हं," भाची जाता जाता म्हणाली. मामी म्हणाल्या, "उद्या घेते." आणि उद्या म्हणणाऱ्यांचं काय होतं ते मी मघाशी सांगितलंच आहे. भाची गेल्यावर मालकांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढून आपला पासवर्ड बदलला. बाहेर आले तेव्हा मिशीतल्या मिशीत हसत होते.

तीन-चार दिवसांनी मालकीणबाईंना निरोप आला. शहरातल्या मोठ्या तयार कपड्यांच्या दुकानाला मुलींचे नवीन फ्रॉक हवे होते. नमुन्याची चित्रं आज सहाच्या आत पाठवा. आवडली तर पुढच्या हंगामाचं सगळं बेतणं तुमचं. बाई गळ्यातली मोजपट्टीसुद्धा न काढता धावत माझ्यापुढे आल्या. आपलं खातं उघडलं. रिकामं! चित्रं मालकांच्या दाराआड आणि मालक दुकानात.

त्यांनी अंदाजाने पासवर्ड टाकून पाहिले. मुलीचं नाव. नाही. दुकानाचं नाव. नाही. मग जरा लाजत स्वतःचं. तेही नाही!

"बघतेच घरी आल्यावर," बाई पुटपुटल्या. मी नियमाप्रमाणे, पासवर्ड आठवावा म्हणून मालकांनी लिहून ठेवलेली खूण दाखवली. खुणेच्या जागी लिहिलं होतं: "मला माहीत आहे."

मालकांचा मोबाइल घरीच विसरलेला, चार्जरला लटकत होता. बाईंनी दुकानाच्या फोनवर लावला आणि स्पीकर चालू केला.

"अहो, तुमचा पासवर्ड सांगा. लवकर!"

"आत्ता? अगं, दुकान गिऱ्हाइकांनी भरलंय. फोनची वायर वीतभर. कुलूपवाल्याने आपली किल्ली चारचौघांत ओरडून सांगायची? उद्या माझ्याकडून कडी तरी घेईल का कुणी?"

"सहाच्या आत चित्रं गेली नाहीत तर हंगाम गेला माझा!"

पलीकडून मालक कुजबुजले, "असं कर, ओळख. दुकानात आलेलं माणूस सगळ्यात आधी काय विचारतं?"

"स्वस्त आहे का."

"त्याच्या आधी!"

"चप्पल बाहेर काढू का?"

मागून एका गिऱ्हाइकाचा आवाज आला. "अहो मालक, सांगून टाका. आम्ही कान झाकतो. वहिनींचं काम अडलंय." दुसरा म्हणाला, "मी तर नुसता खिळे घ्यायला आलोय. मला तुमच्या किल्लीचं काय करायचंय?"

आजोबांनी फोनपाशी तोंड नेलं. "अरे, हो म्हण की! इतकं काय नाही-नाही लावलंयस?"

आजोबांच्या तोंडून हे ऐकून मला एवढं हसू आलं की पंखा जोरात फिरायला लागला.

आणि मग मालकांनी, भर दुकानात, डोळे मिटून (हे त्यांनीच पुढे सांगितलं) आरोळी ठोकली:

"मीच मालक! इंग्रजीत, सगळं जोडून! पुढे एक! आणि शेवटी उद्गारचिन्ह!"

बाईंचा पासवर्ड तेवढ्यात टाकूनही झाला होता. मी दार उघडत होतो. तरी त्या फोनमध्ये अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "नीट ऐकू नाही आलं हो. कोण मालक?"

"मीच! मीच मालक!"

"आणि पहिलं अक्षर मोठं का लहान?"

"मोठं! अर्थातच मोठं!"

पलीकडे जो हशा उसळला तो फोनच्या स्पीकरमधून मलाही ऐकू आला. इकडे मुलगी जमिनीवर लोळत होती. बाईंनी हसता हसता डोळे पुसले, तीन फ्रॉकांची चित्रं निवडली आणि पाठवली. घड्याळात सहाला थोडीच मिनिटं कमी होती. माझ्या तारेतून इतक्या फायली गेल्या, पण त्या तीन फ्रॉकांसारखं हलकं कधीच काही गेलं नाही.

आवडले फ्रॉक! पुढचा अख्खा हंगाम बाईंचा झाला. भाचीला पुन्हा बोलावणं गेलं आणि घरात मतदान झालं. एकाविरुद्ध सगळे. मालकीणबाई प्रशासक झाल्या, मालक साधे वापरकर्ते. दुकानात गिऱ्हाइकं पूर्वी आधी "मालक आहेत का?" विचारायची, आता दारातूनच विचारतात, "मीच मालक आहेत का?" आणि धंदा, खरं सांगतो, वाढलाय. माणूस हसायला येतं आणि जाताना कुलूप घेऊन जातं.

आता माझं वय झालंय. पंखा धापा टाकतो, काही बटणांवरची अक्षरं पुसली गेलीत. पण दिवस मजेत जातात. काल मालकांना त्यांच्या हिशेबाचं काही नवीन बसवायचं होतं. मी विचारलं, प्रशासकाचा पासवर्ड?

"अगं, जरा येतेस का?"

बाई आल्या. म्हणाल्या, "तोंड भिंतीकडे." आणि मालक निमूट भिंतीकडे वळले!

तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर माझी एकच विनंती. प्रत्येकाला त्यात आपली एक छोटी खोली द्या. ज्याचं काम सगळ्यांच्या गर्दीत अंग चोरून उभं असतं त्याला आधी द्या. आणि बाईंचा पासवर्ड मला विचारू नका. मी बाजारात वाढलोय. एका गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याला सांगत नाही. एवढंच सांगतो, तो टाकताना त्या दर वेळी भिंतीकडे वळलेल्या त्या पाठीकडे बघतात, आणि गुणगुणतात.