टेबलाची कड

लेक वर्षाची झाल्यावर मी फर्निचरचे आराखडे करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात इंटर्न म्हणून लागले. इंटर्न आम्ही दोघं, आणि शेवटी ठेवणार एकालाच, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मला ती जागा हवीच होती. ही गेली तर पुन्हा कोण आपल्याला दारात उभं करेल?

दुसरा इंटर्न माझ्याहून लहान, हुशार आणि प्रत्येक बैठकीत हटकून बोलणारा. ऑफिसच्या वर्कशॉपमधल्या सुतारकाकांनी त्याचं नाव ‘भाषण’ ठेवलं होतं. “आज भाषण आलं नाही का?” असं ते त्याच्यासमोरच विचारायचे, आणि तोही हसायचा.

घरी सल्ल्यांना तोटा नव्हता. नवरा म्हणाला, “तूही बोल की. बोलणाऱ्याची माती खपते.” दीर म्हणाले, “उशिरापर्यंत थांबायचं, वहिनी. तेच वरच्यांच्या डोळ्यांत भरतं.” सासूबाई लेकीला मऊ भात भरवत होत्या. त्या म्हणाल्या, “थांबेल ती. तोवर पोरीला तू सांभाळशील ना?” दिरांना एकदम कुठलासा फोन करायचा आठवला.

एकदा बैठकीत मी बोलायला तोंड उघडलंही. पण वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेला होता.

ऑफिसात मात्र वेगळीच कुजबुज सुरू झाली. टेबलाच्या कडेला ठेवलेले कप मधोमध सापडायचे. कात्र्या मिटून कपाटावर जाऊन बसायच्या. लोंबणाऱ्या वायरी गुंडाळलेल्या असायच्या. “माझ्या खिळ्यांच्या डब्याला झाकण कोण लावतंय?” सुतारकाका विचारत होते. “तीस वर्षांत त्याला झाकण आहे हे मलाच माहीत नव्हतं.”

मीही सगळ्यांबरोबर नवल करत होते. मग एका बैठकीत मॅडम बोलता बोलता थांबल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. माझा हात मॅडमच्या गरम चहाच्या कपावर होता आणि कप कडेपासून वीतभर आत सरकला होता.

“तूच का ती?” मॅडम म्हणाल्या.

“सॉरी. घरी लहान मूल आहे... हात आपोआप जातो.”

भाषण खाली मान घालून हसू दाबत होता. डोळ्यांत भरायचं म्हणतात ते हेच असेल, तर संपलंच, असं मला वाटलं.

दुपारी मॅडमनी मला वर्कशॉपमध्ये बोलावलं. तिथे दातांच्या दवाखान्यासाठी केलेली वाट बघायची खोली नमुना म्हणून मांडली होती: काउंटर, बाक, पुस्तकांचं कपाट, मुलांचा खेळायचा कोपरा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बघायला येणार होते.

“इथलंही हलव,” त्या म्हणाल्या. “हात जाईल ते सगळं.”

त्या चिडल्या होत्या की परीक्षा घेत होत्या, कळेना. मी सरळ फरशीवर बसले आणि लेकीसारखी रांगत फिरले. लाज वाटली, पण दिसायला लागलं. बाकाचा कोपरा नेमका कपाळाच्या उंचीला. कपाटाचे खण शिडीसारखे, आणि कपाट भिंतीला जखडलेलंच नाही. मग काउंटरशी उभी राहिले, तर खेळायचा कोपरा माझ्या पाठीमागे.

“इथे नाव सांगताना आईची पाठ मुलाकडे असणार,” मी म्हणाले. “ती दर शब्दाला मागे वळून बघेल. काउंटर आडवं फिरवलं तर दोन्ही दिसेल.”

“अरे, खरंच,” भाषण म्हणाला आणि काउंटरचं एक टोक धरायला पुढे झाला.

“फिरवतो,” सुतारकाका म्हणाले, “पण हे इतके दिवस पोटात का ठेवलं होतंस, पोरी?”

“कुणी विचारलं नव्हतं.”

“विचारायची वाट नाही बघायची,” मॅडम म्हणाल्या. “एक तारखेपासून तू कायम. भाषणासाठी मी माझ्या मैत्रिणीच्या ऑफिसात शब्द टाकते. तिला बोलणारी माणसं लागतात.”

काळजी करण्याचाही कुणाला उपयोग असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आनंद पुरता मनात उतरायच्या आत मी विचारून घेतलं, “मी पाचला निघाले तर चालेल?”

“काम झालं की नीघ.”

घरी आल्या आल्या सासूबाईंना सांगितलं. त्यांनी लेकीला माझ्याकडे दिलं, पाठ सरळ केली आणि म्हणाल्या, “म्हणजे मीही कायम झाले म्हण की.”

मग हसून म्हणाल्या, “मला मात्र रविवारी सुट्टी लागेल हां.”