टोपीतला सहावा शब्द

भाग्यश्रीनं पाचव्यांदा सासूच्या डोक्यावरची टोपी सारखी केली आणि कडेवरच्या लेकीच्या, राजनंदिनीच्या तोंडातून तिसऱ्यांदा टोपीची वायर काढली.

"आत्ती, एकच शब्द राह्यलाय. एक! घ्या की मनात."

गुणमालाबाईंनी डोळे मिटून घेतले. पक्षाघातानं वाचा जाऊन अकरा महिने झाले होते. उजवं अंग लुळं, पण समजत होतं सगळं. साताऱ्याच्या एका नव्या कंपनीतली क्रांती ही टोपी चाचणीसाठी घेऊन आली होती. बाईंनी क्रांतीच्या पडद्यावर आलेला शब्द मनात म्हणायचा, टोपीनं मेंदूतली हालचाल टिपायची, ती इंटरनेटवरून कुठल्याशा लांबच्या कंप्युटरकडं जायची आणि टेबलावरच्या डबीनं तो शब्द बोलून दाखवायचा. शिकवणीचे शब्द सहा. सहाही जमले तर टोपी सांगलीजवळच्या या घरात राहणार. नाहीतर आज संध्याकाळी परत, पाटणच्या पुढच्या पेशंटकडं.

पाणी, दुखतंय, भाकरी, नातीसाठी नंदू, नको. पाच झाले होते. त्यात 'नको' तर पहिल्याच झटक्यात, खणखणीत.

"ते येणारच," भाग्यश्री म्हणाली. "सवयीचं हाय."

सहावा शब्द पडद्यावर उमटला की मात्र डबी गप्प. आधी वाटलं, रेंज गेली. तिनं मोबाइल खिडकीच्या गजाला बांधला, राउटर कपाटावर चढवला. रेंज फुल. डबी मुकीच.

"वैनी, त्या वेळी त्यांच्या मनात भलतंच काहीतरी जोरात चाललेलं असतं," क्रांती टोपीच्या रिकाम्या पिशवीची चेन उघडत म्हणाली. "इथं नुसता गलका दिसतोय."

"आवं आत्ती, कसला गलका करतासा?" भाग्यश्रीचा आवाज चढला. अकरा महिने ती अंदाजावर जगत होती. पाणी द्यावं तर उकडत असायचं, पंखा लावावा तर पाय अवघडलेला असायचा. तान्ह्या पोरीचं रडणं तरी कळायचं. या बाईचं गप्प राहणं काही केल्या कळत नव्हतं.

तेवढ्यात तिचं लक्ष सासूच्या चांगल्या हाताकडं गेलं. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरसर फिरत होता. म्हणजे जप! पडद्यावर शब्द आला रे आला की णमोकार मंत्र सुरू.

पडद्यावर होतं: मदन. सासऱ्यांचं नाव.

भाग्यश्रीनं कपाळावर हात मारला. फॉर्म तिनंच भरला होता. 'घरातल्या सर्वांत जवळच्या माणसाचं नाव.' ती स्वतः नवऱ्याला दिवसातनं वीसदा भरतेश, भरतेश करायची. बेचाळीस वर्षांच्या संसारात आत्तींनी मात्र ते नाव कधी ओठावर आणलं नव्हतं.

"मनातल्या मनात पण न्हाई व्हय?"

गुणमालाबाईंनी एक डोळा उघडला, तिच्याकडं बघितलं आणि परत मिटला.

"क्रांती, मदन खोड. 'आवं' लिही."

"आवं? हे काय नाव झालं?"

"ह्या घरात हाय."

पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. राजनंदिनीनं चौथ्यांदा वायर पकडली. पेरांवरचा अंगठा थांबला.

"आवं," डबी म्हणाली.

"आलो, आलो!" गोठ्यातनं मदनमामांचा आवाज आला. हातात वैरणीची पेंडी तशीच घेऊन ते उंबऱ्यात थबकले. बायकोकडं बघितलं, डबीकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. भाग्यश्रीनं सासूकडं बोट दाखवून होकारार्थी मान हलवली.

क्रांतीनं रिकाम्याच पिशवीची चेन लावून टाकली.

"परत म्हण की गं एकदा," मामा म्हणाले.

चक्र फिरलं.

"नको," डबी खणखणीत म्हणाली.

मामा पेंडी मांडीवर घेऊन तिथंच उंबऱ्यावर बसले.